पूर्णा जंक्शनची पेटी आणि विमानातील बॅग

जगात जर्मनी, भारतात परभणी ही म्हण महाराष्ट्रभर ठाऊक आहे. बाहेरगावचा माणूस ती ऐकून हसतो. परभणीकर मात्र ती गंभीर चेहऱ्याने म्हणतो. तिची उपपत्ती विचारावी तर दहा जण दहा कथा सांगतील आणि प्रत्येक जण आपलीच खरी म्हणून शपथेवर सांगेल. प्रवासाचा विषय निघाला की ही म्हण आम्हाला जरा जपून वापरावी लागते. नऊ तालुक्यांच्या या जिल्ह्यात प्रवासी विमान उतरत नाही. विमान गाठायचे तर पूर्वेला नांदेड, नाहीतर पश्चिमेला छत्रपती संभाजीनगर. नांदेडहून २७ एप्रिल २०१७ रोजी उडान योजनेतील हैदराबादची सेवा सुरू झाली तेव्हा आमच्या बाजारपेठेतील कित्येकांनी पहिल्यांदा विमानाचे तिकीट काढले. एरवी आमचे जाणे-येणे रेल्वेचे. मनमाड ते सिकंदराबाद हा मार्ग निजामी राजवटीत, विसावे शतक उजाडता उजाडता टाकला गेला. नव्वदच्या दशकात त्याचा मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज झाला आणि देवगिरी, नंदिग्राम, तपोवन ही नावे घरातील माणसांच्या नावांसारखी तोंडी बसली.

म्हणून परभणीच्या प्रवाशाचे सामान विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर पोहोचण्यापूर्वी बरेच काही भोगते. गल्लीतील फुटकी फरशी, ऑटोरिक्षाची मागची जाळी, स्थानकाचा जिना, आणि पावसाळा असेल तर आमची काळी माती. ही माती कापसाला सोने देते आणि चाकाला दगा देते. चिखल चाकाभोवती गोळा होतो, वाळतो आणि दगड होतो. बैलगाडीच्या काळापासून हा अनुभव आहे. बॅगेच्या वाट्याला तो अलीकडे आला, इतकेच.

आपली घराणी व्यापारी. प्रवास आपल्याला नवा नाही. माझे आजोबा कापडाच्या खरेदीला मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटात जात, तेव्हा त्यांच्याबरोबर एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी, फराळाचा पितळी डबा आणि पाण्याचा तांब्या असे. ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने नाव आणि गाव लिहिलेले. ती उचलण्याचा प्रश्न त्यांना कधी पडला नाही, कारण उचलणारा हमाल होता. मला वाटते चाकांची बॅग इतक्या उशिरा जन्माला आली त्याचे खरे कारण हेच. मनुष्य चंद्रावर १९६९ साली उतरला आणि चाकांची बॅग बाजारात रुळली ती त्यानंतर! अमेरिकेत बर्नार्ड सॅडो नावाचे बॅगा बनविणाऱ्या कंपनीतील गृहस्थ १९७० मध्ये कुटुंबासह सुटीवरून परतत होते. दोन जड बॅगा ओढता ओढता त्यांनी विमानतळावर एका कामगाराला चाकांच्या फळीवरून अवजड यंत्र सहज ढकलत नेताना पाहिले. त्यांनी बॅगेला खाली चार चाके आणि पुढे एक पट्टा लावला आणि १९७२ साली त्याचे पेटंट मिळविले. १९७२ म्हणजे आपल्याकडे दुष्काळाचे साल. त्याच वर्षी मे महिन्यात परभणीत कृषी विद्यापीठ उभे राहिले आणि मराठवाड्यातील माणसे खडी फोडायला रस्त्यावर उतरली. तिकडे सॅडो यांची बॅग आधी दुकानदारांनी नाकारली. पुरुषाने सामान ढकलत न्यावे हे कमीपणाचे, असे त्यांचे म्हणणे होते.

पट्ट्याने ओढायची ती आडवी बॅग वळणावर कलंडत असे. आज आपण ओढतो ती उभी, दोन चाकांची, आत सरकणाऱ्या दांड्याची बॅग १९८७ साली रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने घरच्या गॅरेजमध्ये तयार केली. ते नॉर्थवेस्ट एअरलाइन्समध्ये बोइंग ७४७ चालवीत. आधी त्यांनी ती आपल्या सहकाऱ्यांना, वैमानिकांना आणि हवाई सेवकांना विकली. विमानतळावरील प्रवाशांनी गणवेशातील माणसे एका हाताने बॅग ओढत झपझप जाताना पाहिली आणि आम्हालाही तसलीच हवी म्हणून मागणी केली. तेव्हा आज लग्नाला जाणाऱ्या आपल्या वहिनी जी बॅग ओढतात ती मुळात विमानातील कर्मचाऱ्यांची वस्तू आहे. प्रवाशांसाठी ती पुढे जसजशी स्वस्त, हलकी आणि रंगीत होत गेली तसतशी तिची मूळ ताकद मात्र कमी होत गेली.

हे सारे मी एरवी शोधत बसलो नसतो. दादांची मुलगी, माझी पुतणी, एका विमान कंपनीत केबिन क्रू म्हणून निवडली गेली आणि घरात दोन आठवडे दुसरा विषय राहिला नाही. आमच्या घरातील मुली शिकल्या, वकील झाल्या, सनदी लेखापाल झाल्या. पण आकाशात नोकरी करणारी ही पहिलीच. दादा दुकानात बसत, हिशेबाची वही उघडी असे, पण त्यांचे लक्ष वहीत नसे. रात्री-अपरात्रीची ड्यूटी, परक्या गावातील हॉटेल, जेवणाच्या वेळा, हे प्रश्न त्यांनी मुलीला विचारले नाहीत, मला विचारले. आईने, म्हणजे तिच्या आजीने, थेट तिलाच विचारले. पहिला प्रश्न, दिवस मावळायच्या आत जेवायला मिळेल का? दुसरा, ती बॅग चामड्याची तर नसते ना? मुलीने सांगितले, आजी, जेवण प्रत्येक वेळी जमेलच असे वचन देत नाही, डबा मात्र बरोबर ठेवीन. आणि बॅग चामड्याची घेणार नाही. आईने मान हलविली. दादांपेक्षा ती लवकर मोकळी झाली, हे मला नवल वाटले नाही.

दादा मात्र बॅगेच्या प्रश्नाला चिकटून बसले. "तू बाजारातला माणूस आहेस, चांगली बघून दे. परक्या गावात मध्यरात्री हिच्या बॅगेचे चाक निखळले तर तिथे कोण आहे आपले?" असे ते मला म्हणाले. त्यांच्या मनात चाकाहून बरेच काही होते हे मला कळत होते. तरीपण बॅगेचे काहीतरी करता येण्याजोगे होते. बाकीच्याचे काही करता येण्याजोगे नव्हते.

विमानात नोकरी करणारा परिचयाचा माणूस परभणीत मला सापडला नाही. पण आयुष्यभर सामानासह नोकरी करणारी माणसे आमच्या जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ती पूर्णेला राहतात.

परभणीहून पूर्णा रेल्वेने तीसेक किलोमीटर. मध्ये पिंगळी आणि मिरखेल ही स्थानके लागतात. मिरखेलला उतरून नवागडच्या नेमिनाथ क्षेत्री जाणारे यात्रेकरू आजही भेटतात; बहुतेकांच्या हाती पिशव्या, एखाद्याची चाकांची बॅग, आणि ती मातीच्या वाटेवर डोक्यावर घेतलेली! श्रावण संपत आला होता. दोन्ही बाजूंना सोयाबीन, कापूस, मध्ये तुरीच्या ओळी. मार्गात पाणी साचलेले, आणि त्यात बगळे.

पूर्णा हे रेल्वेचे गाव. अकोल्याकडे जाणारा मार्ग येथे मुख्य मार्गाला मिळतो. मीटरगेजच्या काळात तो थेट खांडव्यापर्यंत जात असे. गाड्यांचे डबे येथे जोडले-तोडले जात, इंजिने बदलत, चालक आणि गार्ड बदलत. गावातील कित्येक घरांत एक तरी माणूस रेल्वेत. ब्रॉडगेज झाल्यावर पूर्वीची गजबज ओसरली असे जुनी मंडळी सांगतात आणि सांगताना घसा साफ करतात. याच गावात एक सेवानिवृत्त गार्ड आमच्या दुकानाचे जुने गिऱ्हाईक आहेत. २०२२ पासून रेल्वेने गार्ड हा शब्द काढून ट्रेन मॅनेजर केला आहे. पण ते स्वतःला गार्डच म्हणवितात आणि मीही त्यांना गार्डसाहेबच म्हणतो.

त्यांच्या ओसरीवर ती पेटी अजून आहे. रेल्वेची अधिकृत पेटी अर्थातच जमा करावी लागते. ही त्यांनी तिच्याच मापाने पूर्णेच्या लोहाराकडून निवृत्तीनंतर करवून घेतली, आणि आता तिच्यात नातवंडांचे खेळ असतात. लाइन बॉक्स हे तिचे नाव. लोखंडी, काळी, वर पांढऱ्या अक्षरांत नाव. पूर्वी तिच्यात लाल-हिरवे झेंडे, हातदिवा, रुळावर लावायचे धोक्याचे फटाके, प्रथमोपचाराची डबी, नियमांची पुस्तके आणि स्वतःचा शिधा असे. गाडी सुटण्यापूर्वी पेटी गार्डच्या डब्यात चढवायला आणि उतरवून घ्यायला वेगळा माणूस असे. गेल्या काही वर्षांत रेल्वेने या पेट्या बंद करून चाकांच्या बॅगा आणायला सुरुवात केली, आणि त्यावर कर्मचाऱ्यांनी कुरकुर केली.

"का हो गार्डसाहेब, चाके आली तर सोपे झाले ना?" मी विचारले.

"शेठजी, चाक फलाटावर चालतं. गार्डचा डबा कुठं थांबतो? फलाट संपल्यावर खडीत. खडीत चाक काय कामाचं? तिथं बॅग उचलावी लागते. म्हणून बॅग घेताना आधी उचलून बघायची. ओढून सगळ्याच चांगल्या वाटतात."

हे वाक्य मी दुकानात बसल्या बसल्या कधीच ऐकले नसते. त्यांनी आणखी सांगितले. बॅगेला वरच्या बाजूला एक आणि कडेला एक अशा दोन मुठी हव्यात, आणि त्या खिळ्याने नव्हे तर आतून पट्टीने धरलेल्या हव्यात. ज्या वस्तू दर फेरीला लागतात त्या बॅग न उघडता हाताशी आल्या पाहिजेत. अंधारात, हलत्या डब्यात पूर्ण पेटी उघडली की सामान सांडते. आणि बॅगेवर नाव मोठे लिहावे, कारण एकाच रंगाच्या दहा बॅगा एका खोलीत पडतात. विमानाचे मला ठाऊक नाही, असेही ते प्रामाणिकपणे म्हणाले. पण पुतणीला नंतर विचारले तर तिनेही तेच सांगितले. विमान कंपनीच्या गाडीत, हॉटेलच्या दालनात, विश्रांतीच्या खोलीत काळ्या किंवा निळ्या एकसारख्या बॅगांची रांग लागते, आणि पहाटे तीन वाजता दुसऱ्याची बॅग हाती लागणे हा तेथील नेहमीचा घोळ.

परतीच्या गाडीत मी चहाच्या कपाबरोबर एक हिशेब मांडला. सामान्य प्रवासी वर्षात चार-सहा वेळा बॅग बाहेर काढतो. क्रूमधील व्यक्ती महिन्यातून दहा-पंधरा वेळा काढते. प्रत्येक फेरीत गाडीत चढ-उतार, तपासणीचा पट्टा, विमानाची शिडी, विमानातील अरुंद वाट, डोक्यावरचा कप्पा, हॉटेल, आणि पुन्हा तेच. म्हणजे आपल्या घरात जी बॅग दहा वर्षे टिकते ती तिच्याकडे वर्षाच्या आतच तेवढी झिजते. दुकानातील हमीपत्र हे प्रवाशासाठी लिहिलेले असते. त्यातील बारीक अक्षरे व्यापाऱ्याने तरी वाचली पाहिजेत: चाकाची झीज, कापडाची झीज, विमान कंपनीकडून झालेली मोडतोड ही सहसा हमीत बसत नाही, आणि काही हमीपत्रांत व्यावसायिक वापरही वगळलेला असतो.

कच्छी बाजाराच्या बाजूला एक बॅगदुरुस्तीचे दुकान आहे. दुकान कसले, एक ओटा, शिलाईचे यंत्र आणि मागे छतापर्यंत मेलेल्या बॅगांचा ढीग. ओळखीच्या उस्तादांना मी विचारले, सर्वांत आधी काय मोडते?

"शेठ, आधी चाक जातं. मग दांडा. मग चेन. डबा शेवटी जातो. आणि लोक डबा बघूनच बॅग घेतात," असे म्हणून त्यांनी ढिगातून एक गुलाबी चकचकीत बॅग काढून दाखविली. अंगावर ओरखडा नाही. चार चाकांपैकी दोन मुळासकट गेलेली. चाकाचे घर रिबिटने ठोकलेले होते. रिबिट काढायचे म्हणजे डबा फोडायचा. म्हणून बॅग मेली. त्यांनी दुसरी एक जुनी, दोन चाकांची, काळ्या कापडी अंगाची बॅग दाखविली. आतले अस्तर एका छोट्या चेनीने उघडत होते आणि खाली चाकाचे स्क्रू दिसत होते. ही त्यांनी तीन वेळा चाके बदलून परत दिली होती आणि आता चौथ्यांदा आली होती.

त्या ओट्यावर बसून तासाभरात मी जे शिकलो ते येथे लिहून ठेवतो, कारण आपल्यापैकी अनेकांच्या मुली-मुलगे आता दूरच्या नोकऱ्यांना जातात आणि दुकानदार हे सांगत नाही.

चार चाकांची बॅग सरळ फरशीवर बोटाने ढकलली तरी चालते, मनगटावर भार येत नाही. विमानतळावर ती राणीसारखी मिरवते. पण तिची चाके बाहेर काढलेल्या पायांसारखी उघडी असतात, प्रत्येक पाय सर्व दिशांना फिरतो, म्हणजे फिरणारे भाग दुप्पट आणि मार खाणारेही दुप्पट. उतारावर ती आपोआप पळते. चालत्या बसमध्ये तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरून येते. दोन चाकांची बॅग तिरकी करून ओढावी लागते, थोडा भार हातावर येतो; पण चाके अंगात अर्धी बुडालेली, मोठी, स्केटिंगच्या चाकांसारख्या रबराची, आत बेअरिंग असलेली असतात. उभी केली की ती पायांवर ठाम उभी राहते. फुटक्या रस्त्यावर, गालिच्यावर आणि चिखलात दोनच चाके कामाची. वैमानिकांची मूळ बॅग दोन चाकांची होती आणि अजूनही त्यांच्यातील अनेक जण तिला सोडत नाहीत.

दांडा पूर्ण वर ओढून हलवून पाहावा. थोडा सैलपणा असतोच आणि तो असावा, कारण अगदी ताठ दांडा धक्क्याने वाकतो. मात्र खटखट आवाज करीत डुलणारा दांडा घेऊ नये. पन्नास वेळा वर-खाली करावा. दुकानदार वैतागेल, वैतागू द्यावा. चेन दात मोठे असलेली, दुहेरी शिवणीची असावी. डबा बंद होण्याच्या जागी, कोपऱ्यांवर, चेन ताणली जाते. तेथे बोट फिरवून पाहावे.

आता डबा. स्वस्त कठीण बॅगा बहुधा एबीएस नावाच्या प्लास्टिकच्या असतात. त्या दिसायला छान, पण जोरात आपटल्या की तडकतात. पॉलिकार्बोनेट दाबले तर आत जाते आणि पुन्हा बाहेर येते, म्हणून मार सोसते. पॉलिप्रॉपिलीन हलके आणि चिवट, किंमतही आटोक्यात. अती थंडीत मात्र ते कडक पडते. कापडी बॅगांत बॅलिस्टिक नायलॉन सर्वांत चिवट. हे कापड मुळात दुसऱ्या महायुद्धात विमानातील सैनिकांच्या संरक्षक जाकिटांसाठी काढले गेले होते. वजन वाढते, पण बाहेर खिसे मिळतात, फाटले तर शिवता येते, आणि उस्तादांच्या शब्दांत सांगायचे तर कापड सुईला ओळखते, प्लास्टिक ओळखत नाही.

या वस्तूंचा आपल्या महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे हेही सांगावेसे वाटते. व्हीआयपी ही पूर्वी दिलीप पिरामल यांच्याकडे असलेली कंपनी सत्तरच्या दशकापासून बॅगा बनविते आणि तिचे कारखाने नाशिकला. सॅमसोनाइटचाही कारखाना नाशिकजवळ. मनमाडमार्गे मुंबईला जाणारा परभणीकर नाशिक ओलांडूनच जातो, हातात तेथेच जन्मलेली बॅग घेऊन. एकेकाळी लग्नाच्या रुखवतात व्हीआयपीची सूटकेस मांडलेली असे आणि तिची किल्ली वधूच्या मामाकडे. ती सूटकेस आजही अनेक घरांत कपाटावर आहे, आत जुन्या पैठण्या. मोडली नाही म्हणून टाकवत नाही. चाके नाहीत म्हणून नेववत नाही.

चामड्याचा प्रश्न आईने काढला तो निरर्थक नव्हता. कापडी बॅगेच्या मुठीला, नावाच्या पट्टीला, कोपऱ्यांना चामड्याचे तुकडे लावलेले असतात आणि विकताना बॅग नायलॉनची म्हणूनच विकतात. वेष्टनावरील बारीक चिठ्ठीत घटक दिलेले असतात. ज्यांना पाळायचे आहे त्यांनी ती वाचावी. आम्ही वाचली, आणि एक पसंत पडलेली बॅग मुठीपायी परत ठेवली.

मापाचा गोंधळ सर्वांत मोठा. देशांतर्गत प्रवासात विमानात नेण्याच्या बॅगेला साधारणपणे ५५ सेंटिमीटर उंची, ३५ रुंदी, २५ जाडी आणि ७ किलो वजन अशी मर्यादा असते. कर्मचाऱ्यांना नियम वेगळे असतात. पण विमानातील कप्पा तोच. दुकानातील वीस इंच हा आकडा कित्येकदा चाके वगळून मोजलेला असतो. टेप घेऊन जावे आणि चाकांसह मोजावे. रिकाम्या पॉलिप्रॉपिलीनच्या बॅगेचे वजन अडीच-तीन किलोच्या आसपास, चिवट कापडी क्रू-बॅगेचे चारच्या आसपास. ती डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायची मुलीने, तेही स्वतः. तेव्हा गार्डसाहेबांची परीक्षा येथे पुन्हा लागू पडते. आणि सर्वांत आधी विमान कंपनीला विचारावे. काही कंपन्या बॅग स्वतः देतात, काही रंग आणि माप ठरवून देतात. आमच्या मुलीच्या कंपनीने फक्त रंग सांगितला होता: काळा, वर चित्र किंवा मोठे बोधचिन्ह नको.

शेवटी तीन बॅगा निवडीत उरल्या. मी एक उद्योग केला ज्याला वहिनी अजून हसतात. प्रत्येकीत दुकानातील तूरडाळीची पाच किलोची एक आणि दोन किलोची एक पिशवी ठेवली आणि स्टेशन रोडने, पावसानंतरच्या चिखलातून, पुतणीलाच त्या ओढायला लावल्या. गांधी पार्कपाशी परिचित विचारू लागले, कुठे निघालात? चार चाकांची पॉलिकार्बोनेटची बॅग अर्ध्या वाटेत अडली. पुढच्या दोन्ही चाकांत माती भरली होती. दुसरी, दोन चाकांची स्वस्त बॅग, चालली, पण दांड्याचे बटण चिखलात बसेना. तिसरी कापडी, बेअरिंगच्या चाकांची. तिनेही माती घेतली. पण दोन बादल्या पाण्याने धुतल्यावर चाक पुन्हा पहिल्यासारखे फिरले. स्थानकाच्या पुलावर मी हात पुढे केला तर मुलगी म्हणाली, "काका, तिथे तुम्ही असणार आहात का? मला उचलू द्या." तिने उचलली. एकदा थांबून हात बदलला आणि पुन्हा उचलली.

दादा पुलाखाली उभे होते. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी दुकानात त्यांनीच किंमतीचा विषय काढला. स्वस्त बॅग चार हजारांची धरा, वर्षभर टिकणारी. आपण पसंत केलेली बारा हजारांची धरा, चाके एक-दोनदा बदलून पाच वर्षे जाणारी. वर्षाचा खर्च दादांनी वहीच्या कडेला मांडला: चार हजार विरुद्ध चोवीसशे, वर चाकांचे काही शे. त्यांनी रेघ मारली आणि खाली लिहिले, बारा हजार. मग जरा थांबून म्हणाले, चाकांचा एक जोड जास्तीचा घे, आणि तो स्क्रू फिरवायचा पाना.

बॅगेला मागून एक आकडा असतो; त्यावर दुसरी छोटी पिशवी अडकविता येते आणि एकाच हाताने दोन्ही ओढता येतात. क्रूच्या बॅगांची ही खूण. आईने ती पिशवी स्वतः शिवली, जाड खादीची, आत तीन कप्पे: खाकऱ्याचा डबा, पाण्याची बाटली, आणि एक रिकामा. रिकामा कशाला, विचारले तर म्हणाली, तिचे तिने ठरवावे.

निघण्याच्या आठवड्यात आम्ही सारे जिंतूरला जाऊन आलो. जिंतूरपासून तीन-एक किलोमीटरवर नेमगिरी. डोंगरात सात गुंफा, आणि त्यांची दारे इतकी बुटकी की मोठा माणूस वाकून, काही ठिकाणी जवळजवळ बसूनच, आत शिरतो. छोट्याशा दगडावर टेकलेली पार्श्वनाथांची मूर्ती पाहायला लोक लांबून येतात. तेथे जाताना हातात काही नेता येत नाही. पिशव्या, चपला, सारे बाहेर. दादा एरवी गुडघेदुखीने दारातून परततात. या वेळी ते सातही गुंफांत गेले, मुलीच्या खांद्यावर हात ठेवून. बाहेर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा तिला नोकरीविषयी सरळ विचारले: परक्या गावात उतरल्यावर राहायच्या जागेपर्यंत कंपनीची गाडी असते ना? असते, बाबा. रात्रीसुद्धा? रात्रीसुद्धा. एवढेच बोलणे झाले. येताना येलदरीच्या बाजूने वळसा घेतला, धरण भरलेले होते.

प्रशिक्षण दिल्लीजवळ असल्याने ती सचखंड एक्सप्रेसने निघाली. फलाटावर गार्डसाहेब आले होते, पूर्णेहून खास. त्यांनी बॅग हातात घेऊन उचलून पाहिली, चाक बोटाने फिरविले, आणि खिशातून पांढऱ्या रंगाची एक डबी आणि बारीक कुंचला काढला. काळ्या कापडावर मागच्या बाजूला, कंपनीला दिसणार नाही अशा ठिकाणी, त्यांनी तिचे नाव लिहिले आणि खाली परभणी. रंग वाळेपर्यंत बॅग कोणी हलवू नये म्हणाले. गाडी वीस मिनिटे उशिरा होती, त्यामुळे वाळला.